142वी जागा: डेल्टाच्या जीनोममधल्या एका फसव्या 'निवडी'चं प्रकरण

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचे प्रकल्प आमच्या नाशिकच्या कॉलेजात साधारण ठरलेले असतात: गोदावरीच्या पाण्यातले जिवाणू, चाळीतल्या कांद्यावरची काळी बुरशी, द्राक्षाच्या सालीवरचं यीस्ट. 2022 साली एक विद्यार्थिनी वेगळंच घेऊन आली. "मॅडम, मी डेल्टाचे जीनोम घेते. नैसर्गिक निवडीने त्यात कुठे काय बदललं ते शोधायचंय." रसायनांचा खर्च नाही, परवानग्यांची कटकट नाही, एक लॅपटॉप आणि इंटरनेट पुरे. मी लगेच हो म्हटलं. त्या होकारात माझा आळसही होता, हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढची चूक तिच्याइतकीच माझी आहे.

मुलगी पिंपळगाव बसवंतकडची, घरची द्राक्षबाग. 2021च्या एप्रिलमध्ये घरातले सगळे एका पाठोपाठ एक आजारी पडले होते. कोरोनाच्या त्या लाटेतला विषाणू म्हणजे बी.1.617.2. त्याचे सर्वांत जुने नमुने 2020च्या ऑक्टोबरमधले, भारतातलेच. 'डेल्टा' हे नाव जागतिक आरोग्य संघटनेने त्याला 31 मे 2021 रोजी दिलं, म्हणजे आपल्याकडची लाट ओसरायला लागल्यावर. तिला त्या विषाणूचा हिशेब लावायचा होता. मला हे कारण कुठल्याही शास्त्रीय कारणापेक्षा चांगलं वाटलं.

तिला काय सापडलं

सार्स-कोव्ह-2चा (कोविडच्या विषाणूचा) जीनोम म्हणजे 29,903 अक्षरांची आरएनएची एक दोरी. आरएनए विषाणूंमध्ये ही लांबी मोठीच. एवढा मजकूर नकलताना फार चुका झाल्या तर विषाणूच संपेल, म्हणून कोरोनाविषाणूंकडे स्वतःचा मुद्रितशोधक असतो: एनएसपी14 नावाचं प्रथिन चुकीचं लागलेलं अक्षर काढून टाकतं. तरी काही चुका निसटतात. साथीच्या पहिल्या वर्षभरात एका वंशरेषेत महिन्याला साधारण दोन बदल टिकत होते.

तिने महाराष्ट्रातले 2021चे डेल्टा जीनोम उतरवून घेतले, एकाखाली एक लावले, वंशवृक्ष काढला आणि स्पाइकच्या, म्हणजे विषाणूवरच्या काट्यांच्या प्रथिनाच्या, एकेका जागेवर बोट ठेवत गेली. 142व्या जागेवर ती थांबली. वुहानच्या मूळ विषाणूत तिथे ग्लायसीन हे अमिनो आम्ल आहे, म्हणजे जी. डेल्टात काही जीनोममध्ये अ‍ॅस्पार्टिक आम्ल, म्हणजे डी, आणि काहींत परत जी. अदलाबदल एकदोनदा झालेली नव्हती. झाडभर डी, मध्येच जी, पुन्हा डी, पुन्हा जी.

तिचा निष्कर्ष तयार होता. ही जागा स्पाइकच्या टोकाकडच्या भागात येते आणि आपली प्रतिपिंडं त्या भागाला चिकटतात. म्हणजे एका बाजूने प्रतिकारशक्तीचा दाब, दुसऱ्या बाजूने प्रथिनाच्या घडीचा दाब, आणि मधल्या रस्सीखेचीत विषाणू पुढे-मागे होतोय. वाचायला झकास. मी मसुद्यावर 'छान निरीक्षण' असा शेरा मारला. तो कागद मी अजून जपून ठेवलाय.

बागेतली गोष्ट

ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली होती आणि परतीच्या पावसाने वेलींवर डावणी ही बुरशी आली होती. शनिवारी ती घरी गेली तेव्हा वडील फवारणीचा ब्लोअर घेऊन प्लॉटमध्येच होते. तिने त्यांना प्रकल्प समजावून सांगितला. द्राक्षवाल्याला नैसर्गिक निवड समजावणं सोपं असतं, ती त्याच्या खिशातून पैसे घेऊन जाते. एकाच गटाचं बुरशीनाशक हंगामात तीन-चारदा मारलं की पुढच्या वर्षी ते लागू पडत नाही. बुरशी त्यातून काही शिकत नाही. औषधाला न जुमानणारे थोडे बीजाणू आधीपासूनच असतात. बाकीचे मरतात, हे उरतात आणि पान मोकळं मिळाल्यामुळे माजतात. स्ट्रोबिल्युरिन गटाच्या औषधांना डावणी आणि भुरी दोन्ही याच रीतीने निर्ढावल्या, तेही सायटोक्रोम बी या प्रथिनातल्या एका जागेच्या बदलाने. 143व्या जागेवर ग्लायसीन जाऊन अ‍ॅलानीन आलं, की औषधाला बसायला जागा उरत नाही. (बुरशीत 143, विषाणूत 142, दोन्हीकडे जाणारं ग्लायसीनच. निव्वळ योगायोग, पण एक संध्याकाळ आम्ही त्यावर उगाच घालवली.)

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका ओळीत रोग आणि शेजारच्या ओळीत नाही, असं दिसतंय का तुझ्या विषाणूत?"

"हो, तसंच. काही नमुन्यांत आहे, काहींत नाही."

"मग आधी नोझल बघ. औषध लागू पडलं नाही का औषध पडलंच नाही, हे दोन निराळे. नोझल चोक असला की ती ओळ कोरडी राहते, अन् आपण दुकानदाराला शिव्या घालत बसतो."

सोमवारी तिने हे मला सांगितलं ते हसत, वडिलांचं कौतुक म्हणून. मला हसू आलं नाही.

कोरडी राहिलेली ओळ

रुग्णाच्या स्वाबमधून जीनोम वाचताना दोरी अखंड वाचली जात नाही. त्या काळात जगभर चालणारी पद्धत आर्टिक या गटाने बसवलेली होती. जीनोमवर साधारण चारशे अक्षरांचे 98 तुकडे आखलेले असतात, प्रत्येक तुकडा शेजाऱ्यावर थोडा चढलेला, कौलांसारखा. प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना एकेक प्रायमर, म्हणजे तीसेक अक्षरांच्या आतला कृत्रिम डीएनएचा दोरा. तो विषाणूच्या मजकुराला चिकटला तरच तो तुकडा वाढतो आणि वाचला जातो. प्रायमरची अक्षरं मात्र 2020 सालच्या मूळ विषाणूवरून ठरवलेली.

आता 72वा तुकडा. त्याचा उजवा प्रायमर 22,013 ते 22,038 या पट्ट्यात बसतो. डेल्टाची एक ठळक खूण म्हणजे स्पाइकमधली सहा अक्षरांची गळती, 22,029 ते 22,034, म्हणजे नेमकी त्या प्रायमरच्या बसायच्या जागेत. प्रायमर नीट चिकटत नाही आणि 72वा तुकडा जवळजवळ वाढतच नाही. नोझल चोक.

पण मग 142व्या जागेवर 'जी' कुठून येतो? ओळ कोरडी असेल तर तिथे काहीच दिसायला नको. प्रथिनाची एकेक जागा जीनोममधली तीन अक्षरं ठरवतात. 142व्या जागेचं बदलणारं अक्षर 21,987व्या ठिकाणी आहे: तिथे जी असला की प्रथिनातही जी (ग्लायसीन), ए असला की डी. शेजारच्या 73व्या तुकड्याचा डावा प्रायमर 21,960च्या आसपास सुरू होतो आणि 21,990पर्यंत येतो. म्हणजे 21,987 हे अक्षर त्या प्रायमरच्या पोटात. 73वा तुकडा व्यवस्थित वाढतो, पण त्याच्या सुरुवातीची अक्षरं रुग्णाच्या विषाणूची नसतात. ती आपणच बाटलीतून घातलेल्या प्रायमरची असतात, आणि प्रायमर मूळ विषाणूवरून बनवलेला असल्याने तिथे 'जी' छापलेला असतो. संगणकावर प्रायमरचा भाग कापून टाकायची पायरी नीट चालली, तर तिथे 'एन' येतो, म्हणजे 'वाचता आलं नाही'. ती पायरी सैल राहिली, किंवा रिकाम्या जागी मूळ विषाणूचं अक्षर भरायची सवय असली, की अहवालात छान स्वच्छ 'जी' उमटतो. विषाणू मागे फिरलेला नसतो, आपण आपलाच प्रायमर वाचलेला असतो.

अंतिम जीनोम पाहून हे कळणं अवघड, म्हणून तिने खुल्या संग्रहातली काही डेल्टा नमुन्यांची कच्ची वाचनं उतरवून घेतली. कॉलेजच्या वायफायवर त्यात दोन दिवस गेले. पडद्यावर वाचनं करड्या पट्ट्यांसारखी एकाखाली एक दिसतात. 71व्या तुकड्याच्या पट्ट्या एका रेषेत संपल्या. पुढे सुमारे दोनशे अक्षरं पांढरी, रिकामी. मग 73च्या पट्ट्या सुरू, सगळ्या एकाच उभ्या रेषेवर आणि सगळ्यांत 21,987 वर जी. एका नमुन्यात मात्र त्या पांढऱ्या भागात चार-पाच एकाकी पट्ट्या होत्या, 72च्या, कशाबशा वाढलेल्या. त्या सगळ्यांत 21,987 वर ए होता. ए म्हणजे डी.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मॅडम, जिथे विषाणू खरंच वाचलाय, तिथे सगळीकडे डीच आहे."

हा शोध आमचा नव्हे. थिओ सँडरसन आणि जेफ्री बॅरेट यांनी 2021 सालीच हे दाखवलं होतं: जी142डी (142व्या जागी जीऐवजी डी) हा डेल्टाचा कायमचा, वंश ओळखायचा बदल धरायला हवा. या जागेवर बदल वारंवार होतात आणि त्यांचा रुग्णातल्या विषाणूच्या प्रमाणाशी संबंध असावा, असा तर्क त्याआधी केला गेला होता. तो संबंधही याच गोंधळातला. स्वाबमध्ये विषाणू भरपूर असला की लंगडा 72वा तुकडाही थोडाफार वाढतो आणि खरा डी दिसतो. विषाणू कमी असला की फक्त प्रायमरचा जी. आम्ही तो लेख आधी वाचला असता तर दोन महिने वाचले असते. वाचला नव्हता, कारण आम्ही 'निवड' शोधत होतो, 'प्रायमर' शोधत नव्हतो.

एक खूण तर झाडावरच होती आणि ती मला दिसायला हवी होती. खरोखर पुढे गेलेला बदल एखाद्या फांदीच्या बुडाशी असतो, त्याला पोरंबाळं असतात. आमचे सगळे 'जी' टोकाच्या पानांवर होते, एकेकटे, निर्वंश. शिवाय नमुने प्रयोगशाळेनुसार लावले तेव्हा जी काही ठिकाणी गठ्ठ्याने आणि काही ठिकाणी अजिबात नाहीत. विषाणू प्रयोगशाळा बघून बदलत नाही. (कुठल्या प्रयोगशाळा, ते इथे महत्त्वाचं नाही, जगभर हेच चालू होतं. 2021च्या जूनमध्ये आर्टिकने प्रायमरची चौथी आवृत्ती काढली.)

मग खरी निवड कशी ओळखायची

प्रकल्प मोडून पुन्हा बांधला. या वेळी प्रश्न उलटा लावला: कुठल्याही बदलाला 'निवड' म्हणण्याआधी दुसरं कोणतं साधं कारण पुरतं का? नोझल हे पहिलं. बाकीची कारणं विषाणूच्या बाजूची.

एक म्हणजे चुकांचा कल. या विषाणूत सगळ्या चुका सारख्या होत नाहीत. सीच्या जागी यू, म्हणजे आपण लिहितो तसा टी, ही चूक फार जास्त होते. यात आपल्याच पेशीतल्या अ‍ॅपोबेक नावाच्या विकरांचा हात असावा असं मानलं जातं. त्यामुळे सीचा टी पाच वेगळ्या फांद्यांवर दिसला तरी त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. तिच्या यादीतली मोठी संख्या इथेच गळाली.

दुसरं कारण नशिबाचं. एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाताना विषाणूचे मोजकेच कण नवा संसर्ग रुजवतात. त्या मोजक्यांत जे अक्षर असेल ते पुढच्या साखळीत शंभर टक्के होतं, चांगलं असो वा बिनकामाचं. एखादी साखळी मोठ्या लग्नात पोचली की ते अक्षर तालुकाभर. याचं नामी उदाहरण युरोपातलं आहे. 2020च्या उन्हाळ्यात बी.1.177 हा वंश स्पेनमधून अनेक देशांत पसरला. स्पाइकमध्ये ए222व्ही हा बदल होता, म्हणून त्याच्याकडे संशयाने बघितलं गेलं. नंतरच्या विश्लेषणात तो जास्त संसर्गजन्य असल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही; सुट्टीच्या प्रवासानेच त्याचा प्रसार बऱ्यापैकी समजावता आला. विमानात जागा मिळाली हीच त्याची पात्रता.

आणि जे दिसत नाही तेही निवडच असतं. किंबहुना या जीनोममध्ये निवडीचं बहुतेक काम छाटणीचंच आहे. पहिला दोन-तृतीयांश भाग नक्कल करणाऱ्या यंत्रणेचा. तिथे अमिनो आम्ल बदलणारा बहुतेक बदल नुकसानीचा, आणि तो आपल्यापर्यंत पोचतच नाही, कारण तो विषाणू कोणाच्या स्वाबमध्ये येण्याइतका टिकत नाही. हे मोजायची रीत जुनी आहे. जीजीटी, जीजीसी, जीजीए, जीजीजी या चारही शब्दांचा अर्थ ग्लायसीनच. असे अर्थ न बदलणारे बदल एका पारड्यात, अर्थ बदलणारे दुसऱ्या पारड्यात. संधीच्या मानाने दुसरं पारडं हलकं भरलं की समजायचं, छाटणी चालू आहे. तिच्या डेल्टा संचात नक्कल-यंत्रणेचं पारडं हलकं निघालं. यावर कोणी बातमी करत नाही.

या सगळ्या चाळण्यांतून स्पाइकच्या काही मोजक्या जागा उरल्या. दोन सांगते.

681व्या जागेवर प्रोलीनच्या ठिकाणी आर्जिनीन. ही जागा फ्युरिन या आपल्याच पेशीतल्या विकराने स्पाइक कापला जातो, त्या कापाला लागूनच आहे. आर्जिनीनमुळे कापणं सोपं होतं आणि पेशीत शिरायची तयारी वाढते. त्यासाठी 23,604व्या ठिकाणी सीचा जी व्हावा लागतो. ही सीचा टी होण्यासारखी स्वस्त चूक नव्हे, क्वचित होणारी आहे. अल्फात आणि पुढे ओमिक्रॉनमध्ये याच अक्षराचा ए झाला आणि तिथे हिस्टिडीन आलं. वेगळे वंश, वेगळे देश, पण बोट त्याच अक्षरावर.

452व्या जागेवर ल्युसीनच्या ठिकाणी आर्जिनीन, टीचा जी. हीसुद्धा दुर्मीळ चूक. तरी ती कॅलिफोर्नियातल्या एप्सिलॉनमध्ये आली, आपल्याकडे कप्पा आणि डेल्टात आली, आणि पुढे ओमिक्रॉनच्या बीए.4 आणि बीए.5मध्ये परत आली. क्वचित होणारी चूक इतक्या वेगळ्या फांद्यांवर टिकते आणि तिथे तिला पोरंबाळं होतात, तेव्हा 'निवड' हा शब्द लिहायला माझी हरकत नाही.

तरी एकट्या बदलाला मुकुट घालू नये, असं तिनेच मला दाखवलं. 24 मार्च 2021 रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे बदल वाढत असल्याचं जाहीर केलं, आणि वर्तमानपत्रांत 'डबल म्युटंट' गाजला. तो जोडबदल कप्पाचा, बी.1.617.1चा. कप्पाकडे 452 होतं, 681 होतं, वर 484ही होतं. कागदावर तो डेल्टापेक्षा सरस. डेल्टाकडे 484 नव्हतं, 478वर टी478के होतं. दोघं एकाच राज्यात, एकाच महिन्यांत, त्याच बाजारांत आणि त्याच एसटी स्टँडांवर फिरत होते, म्हणजे प्रवासाचं निमित्त दोघांना सारखंच. कप्पा मागे पडला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये डेल्टाने अल्फाला मागे टाकलं. गर्दी वेगळी, प्रतिस्पर्धी वेगळा, निकाल तोच. विमानातल्या जागेने हे समजावता येत नाही. निवड एकेका अक्षराची होत नाही, अख्ख्या दोरीची होते. डेल्टाच्या दोरीतलं नेमकं काय किती उपयोगी पडलं हे एका लॅपटॉपवरून सांगता येणार नाही, आणि तिने तसं लिहिलंही.

गंमत अशी, की 142वी जागा बिनमहत्त्वाची अजिबात निघाली नाही. कप्पातही तिथे डी होता. ओमिक्रॉनच्या बीए.1 आणि बीए.2 दोघांतही डी आहे. म्हणजे प्रायमरने आमच्यासमोर खोटी रस्सीखेच उभी केली आणि तिच्यामागे खरी, एकाच दिशेची वाटचाल झाकून टाकली. ज्या जागेवर आम्ही चुकीच्या कारणाने बोट ठेवलं होतं, तिच्यावर योग्य कारणाने बोट ठेवता आलं असतं.

तोंडी परीक्षा

अंतिम अहवालात तिने डेल्टाच्या 142व्या जागेचे सगळे संशयास्पद 'जी' खोडून 'एन' केले. 95व्या जागेचा प्रश्न मात्र उरला. तीही त्याच पांढऱ्या पट्ट्यात पडते, पण तिथे डेल्टाच्या काही फांद्यांत टी या अमिनो आम्लाच्या जागी आय खरोखर आलेलं आहे आणि काहींत नाही. खरं आणि खोटं एकमेकांत मिसळलेलं, आणि कच्ची वाचनं सगळ्या नमुन्यांची उपलब्ध नाहीत. तिथेही तिने 'एन' ठेवले आणि ती जागा विश्लेषणातून काढून टाकली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पान उघडलं. "एवढे एन? 95वर टी आहे का आय, हे सांगा ना."

"सर, तिथे वाचनच नाहीये."

"अंदाज?"

"ती ओळ कोरडी आहे, सर."

परीक्षकांना काही कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिडकीकडे पाहिलं, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं.